गरी, रापण आणि यंत्राची होडी

बेळगाव-निपाणीच्या मुलखाला समुद्र नाही. पण आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट चढून आलेला बांगडा बेळगावच्या बाजारात रोज विकला जातो, आणि शाळांना सुट्या लागल्या की खानापूर, संकेश्वर, निपाणीकडची मंडळी गाड्या भरभरून मालवण-तारकर्लीची वाट धरतात. म्हणजे त्या समुद्राशी इकडच्या माणसाचे नाते दुहेरी आहे: एक ताटातले आणि दुसरे सहलीचे. ही दोन नाती हल्ली एकमेकांच्या आड येऊ लागली आहेत. मालवणच्या ज्या पाण्यात हे घडते, ते पाणी कायद्याने वन्य जीवांसाठी राखून ठेवलेले आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. त्यातील तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा मानला आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतीचे पाण्याखालचे खडक या गाभ्यात येतात. या खडकांवर प्रवाळ वाढतात, समुद्रशेवाळ वाढते, कालवे चिकटतात. माशांची पिल्ले तेथे लपून मोठी होतात, आणि म्हणूनच मोठे मासेही तेथे येतात. बेळगाव जिल्ह्यातील श्रोत्यांना तुलना हवी असेल तर गोकाकजवळील धुपदाळचा जलाशय आठवावा. तेथील घटप्रभा पक्षी अभयारण्य विस्ताराने जवळजवळ एवढेच आहे. मात्र धुपदाळला हिवाळ्यात उतरणाऱ्या करकोच्यांना दुरून पाहिले की काम भागते. मालवणच्या पाण्यावर माणसांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

हे पोट कसे चालते, ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. पहाटे खडकावर किंवा लहानशा होडीत बसून गरी टाकणारा एकटा माणूस असतो. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पाग फेकणारा असतो. आणि असते रापण. मासळीचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग बदलतो. अनुभवी नजर तो बदल टिपते, होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडीत जाते आणि जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात. मग बायकापोरांसकट सारी वाडी दोर ओढू लागते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, आणि दोराला हात लावणारा सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. मासळीच्या मागे धावत जाण्याचे साधन यांच्यापाशी नाही. मासळी आपण होऊन जवळ येईपर्यंत गप्प राहणे, एवढेच त्यांच्या हाती असते.

यंत्राच्या होडीने बिघडते ते नेमके येथे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. माशाच्या दोन्ही कुशींवरून एक बारीक रेषा गेलेली असते. तिच्या योगे पाण्यातली सूक्ष्म थरथरही त्याला कळते. वर बसलेल्या प्रवाशाला जी केवळ घरघर वाटते, ती खाली बरीच दूरवर पोचलेली असते. काठाशी आलेला बांगड्याचा थवा एका इंजिनाच्या फेरीने फुटला, तर सकाळपासून वाट पाहणाऱ्या साऱ्या वाडीचा दिवस फुकट जातो. शिवाय होडीचा पंखा जाळ्याच्या दोराला लागला तर नुकसान निराळेच. प्रवाळांवर टाकलेल्या नांगराने तर वर्षानुवर्षांची वाढ एका हिसक्यात मोडते.

म्हणून यंत्र वाईट, असे मात्र कोणी समजू नये. किल्ल्यावर जायचे तर होडी लागतेच. शिवाय तारकर्ली-देवबागच्या पर्यटनाने कित्येक कोळी आणि गाबीत घरांत नियमित पैसा आणला. ज्याचा बाप रापणीला गेला, त्याचा मुलगा आज पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो किंवा पाण्याखालचे प्रवाळ पाहायला उतरवतो. तेव्हा गरी आणि इंजिन यांचे भांडण दोन गावांचे राहिलेले नाही. पुष्कळदा ते एकाच घराच्या दोन खोल्यांतले असते, आणि या विषयावर बोलणाऱ्यांपैकी बरेच जण हे विसरतात.

सरकारने आजवर काय केले? ‘अभयारण्य’ या शब्दातच अरण्य आहे, आणि अरण्याचाच नियम समुद्राला लावला गेला. जंगलात हद्दीचा दगड रोवता येतो. लाटांवर गाभा क्षेत्राची रेषा दिसत नाही. १९८७ च्या घोषणेला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, तो काही प्रवाळांच्या द्वेषाने नव्हे. आपल्या धंद्याचे काय होणार, याचे उत्तर त्यांना हवे होते. मौजेची गोष्ट अशी की, १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यात पुढे १९९१ साली दुरुस्ती झाली आणि समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचे हित जपण्याची तरतूद करावी, असे त्यात लिहिले गेले. हे शहाणपण मालवणपेक्षा चार वर्षांनी धाकटे आहे.

शेजारच्या गोव्यात याच स्वरूपाचा झगडा आधी होऊन गेला होता. १९७० नंतरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला घासून फिरू लागले, तेव्हा तेथील रांपणकार मातान्ही साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढारीपणाखाली रस्त्यावर उतरले. १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले. त्यांतले तत्त्व साधे होते: किनाऱ्याजवळचे पाणी लहान मच्छीमाराचे, खोल पाणी यंत्राचे. पर्यटकांच्या होड्यांना मात्र हे तत्त्व आपोआप लागू पडत नाही. त्या मासे धरीत नाहीत, आणि पर्यटकाला पाहायचे असते ते नेमके किनाऱ्याजवळच असते.

दूरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, अग्निबाण सोडण्याच्या तळाला लागून, मेरिट बेटाचे अभयारण्य १९६३ साली स्थापन झाले. तळाच्या सुरक्षिततेसाठी भोवतीचे काही पाणी १९६२ पासूनच मासेमारीला बंद होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, गळाने धरलेल्या विक्रमी आकाराच्या माशांची नोंद त्या बंद पाण्याच्या आसपास विशेष दाट आहे. आत निर्धास्त वाढलेला मासा बाहेर पडतो आणि गळ टाकणाऱ्याच्या वाट्याला येतो. त्याच परिसरातील बनाना नदी नावाच्या खाडीच्या एका भागात यंत्र चालवण्यास मनाई आहे. वल्हे मारीत जाणाऱ्याला तेथे गळ टाकता येतो. यंत्रवाल्याला बाकीची खाडी मोकळी आहे.

मालवणलाही वाटणी करायची तर ती निम्मी-निम्मी असून चालणार नाही. दोघांना एकाच पाण्यात सारखी मोकळीक देणे म्हणजे ते पाणी यंत्रवाल्याला देणेच होय. गरीवाला गप्प बसल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही, पण इंजिन सुरू झाले की गरीवाल्याचे काम संपते. म्हणून आधी शांत धंद्याची जागा आणि वेळ ठरवावी, व उरलेल्यात यंत्राला वाट द्यावी. पहाटेचे तास गरीला आणि रापणीला सोडावेत. किल्ल्याची वाट तरंगत्या पिंपांनी आखून द्यावी. खडकांजवळ वेग अगदी कमी ठेवावा. नांगर टाकण्याऐवजी कायमच्या बांधलेल्या दोराला होडी लावावी. यातले काहीही फार खर्चाचे नाही. पाहुण्यांनी डॉल्फिनमागे होडी पळवण्याचा हट्ट सोडला तर तेवढीच भर, आणि हा हट्ट करणाऱ्यांत इकडून गेलेली मंडळी नसतात असे नाही.

प्रश्न उरतो तो रेषा कोणी आखायची हा. वन खात्याच्या कचेरीत आखलेली रेषा पाण्यावर टिकत नाही, हे तीन दशकांहून अधिक काळ दिसते आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात किल्ल्याची होडीही थांबते. त्या काळात रापणकर, गरीवाले आणि पर्यटकांच्या होड्या चालवणारे सगळे किनाऱ्यावरच असतात, बरेचसे तर एकाच वाडीत. समुद्राचा नकाशा त्यांच्यापुढे पसरून कोणत्या खडकापाशी कोण, किती वाजेपर्यंत, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला आणि नारळी पौर्णिमेच्या आत लेखी करायला एवढे दिवस पुरेसे आहेत.