मारियेचे घर, मारियेची साडी
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची ‘क्लॉइस्टर्स’ नावाची एक शाखा आहे. तेथे ओक लाकडाच्या तीन फळ्यांवर रंगविलेले एक लहानसे धर्मचित्र जपून ठेवलेले आहे. मधली फळी जेमतेम दोन फूट लांब आणि तितकीच रुंद. आज बेल्जियममध्ये मोडणाऱ्या तूर्ने गावचा रॉबर्ट कॅम्पिन आणि त्याची कार्यशाळा यांनी ते सुमारे १४२७ ते १४३२ या काळात रंगविले, असे अभ्यासक मानतात. ‘मेरोड वेदिचित्र’ या नावाने ते ओळखले जाते.

विषय बायबलातला. देवदूत गाब्रिएल मारियेकडे येतो आणि तिच्या पोटी ख्रिस्त जन्म घेणार असल्याची वार्ता देतो. पण चित्रकाराने हा प्रसंग घडविला आहे तो तूर्नेच्या एखाद्या सुखवस्तू नागरिकाच्या बैठकीच्या खोलीत. तेथे लांब बाक आहे, चूल आहे, कोनाड्यात टांगलेले लखलखीत धातूचे भांडे आहे, शेजारी हात पुसण्याचा पंचा आहे. मेजावर फुलदाणीत लिलीची फुले आहेत आणि नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा धूर अजून हवेत आहे. मारिया जमिनीवर बसून पुस्तक वाचते आहे. देवदूत आल्याचेही तिच्या ध्यानात आलेले नाही. उजव्या फळीवर तिचा वाग्दत्त वर योसेफ सुताराच्या बाकाशी बसून लाकडाला भोके पाडतो आहे. त्याच्यापुढे उंदराचा सापळा आहे. उघड्या खिडकीतून दिसतो तो तूर्नेसारख्याच एखाद्या नगराचा चौक, दुकाने आणि चर्चचे मनोरे. सापळ्याचा अर्थ मेयर शापिरो या विद्वानाने १९४५ साली उलगडला. संत ऑगस्टिनने ख्रिस्ताच्या क्रुसाला सैतानासाठी मांडलेला सापळा म्हटले होते आणि चित्रकाराने ते रूपक सुताराच्या बाकावर आणून ठेवले.

या चित्रात नाझरेथ कोठेच नाही. पॅलेस्टाइनची वाळू नाही, खजूर नाही, ज्यूंचा वेष नाही. यान व्हान आयक आणि कॅम्पिनचा शिष्य रोखियर व्हान डेर वायडन यांच्याही मारिया अशाच फ्लेमिश वेषात, फ्लेमिश नदीकाठी, फ्लेमिश उजेडात बसलेल्या आहेत. त्या काळी याला कोणी पाखंड म्हटले नाही. देव आपल्या घरी यायचा तर आपल्या घरासारख्याच घरी येणार, अशी त्यामागची साधी श्रद्धा होती.

व्हान आयक १४२८-२९ मध्ये बर्गंडीच्या सरदाराच्या शिष्टमंडळाबरोबर पोर्तुगालला गेला होता. राजकन्या इझाबेल हिचे चित्र काढणे हे त्याचे काम. पुढे अँटवर्पला पोर्तुगीजांची वखार झाली, फ्लेमिश चित्रे लिस्बनला जाऊ लागली आणि पोर्तुगीज चित्रकार त्या वळणावर शिकले. सोळाव्या शतकात हीच शैली जहाजांत बसून गोव्याला आली. गुलाबी गालांची, युरोपीय झग्यातली मारिया येथल्या वेदीवर विराजमान झाली आणि तीच ‘खरी’ मारिया ठरली. ती मुळात दुसऱ्या एका देशाने स्वतःच्या घरचे कपडे नेसवलेली मारिया होती, हे येथे येईपर्यंत सर्वांच्याच विस्मरणात गेले होते.

पेडणे आणि डिचोलीच्या लोकांना मात्र या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सात बहिणींची कथा या दोन्ही महालांत घरोघरी माहीत आहे. मोरजीची मोरजाई, शिरगावची लइराई, मयेची महामाया, मुळगावची केळबाई अशी नावे सांगत सांगत कथा म्हापशाला पोचते, आणि तेथली बहीण मिराबाई ही मिलाग्रीस सायबीण, म्हणजे साक्षात मारियाच, असे लोक मानतात. बहिणी-बहिणींत उत्सवाच्या वेळी तेला-फुलांची देवाणघेवाण होत आलेली आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने या कथेला काय म्हणावे हा प्रश्न पाद्र्यांनाही अवघड आणि भटजींनाही. लोकांना तो कधी पडलाच नाही.

जे लोकमानसाने केले तेच मराठी भाषेनेही केले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला रोमी लिपीत छापले गेले. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार. सासष्टीतले नवख्रिस्ती आपल्या जुन्या पुराणांना मुकले होते आणि त्या जागी त्यांना काहीतरी हवे होते, ही या ग्रंथामागची निकड. स्टीफन्सने ती नेमकी ओळखली. त्याने ओवी घेतली, पुराणाची श्रोता-वक्त्याची पद्धत घेतली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडविलेल्या भाषेत मारियेने प्रथमच मराठी आईसारखे बोलावे, रडावे, बाळाला जोजवावे, ही घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदात उरकण्याजोगी नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ती बहुधा तशीच उरकली आहे.

पुढे वारा फिरला. १६८४ साली व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. सतराव्या शतकात ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी तो रोमी लिपीत छापला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत आणला. तोवर मराठी वाचकाला या ग्रंथाचे नावच तेवढे ऐकून ठाऊक होते.

भाषेने मारियेला ओवी दिली, लोककथेने बहिणी दिल्या. रंगाने मात्र तिला तीनशे वर्षे काहीच दिले नाही. अपवाद हस्तिदंती मूर्तींचा. सतराव्या शतकातील गोव्याच्या हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ मूर्तींत बाळ ख्रिस्त डोळे मिटून ध्यानस्थ बसलेला दिसतो, आणि त्या मुद्रेत बुद्धाची आठवण न होणारा पाहणारा विरळा. १५६७ च्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती घडवून घेण्यास मनाई केली होती. मनाई करावी लागली, यातच ते काम कोण करीत होते हे कळते.

चित्रात ही कोंडी फोडली ती आंजेलो द फोन्सेका यांनी. मांडवीच्या पात्रातील जुवे बेटावर, म्हणजे सांत इस्तेव्ह गावी, १९०२ मध्ये त्यांचा जन्म झाला. घर सधन. मुंबईला वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तो सोडला. जे. जे. कलाशाळेत गेले, तेथील पाश्चात्त्य वळणही मानवले नाही. शेवटी बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे ते शिकले. पाण्यात विरघळलेले मंद रंग, वाहती रेषा आणि चित्रातली निःशब्दता ही त्या शाळेची देणगी त्यांनी जन्मभर सांभाळली.

१९३०च्या दशकाच्या आरंभी ते गोव्यात परतले. त्यांच्या चित्रांतली मारिया साडी नेसलेली होती, डोक्यावर पदर, पाय अनवाणी, बैठक जमिनीवर. कॅम्पिनची मारियाही जमिनीवरच बसली होती. पण पाचशे वर्षांपूर्वीचे ते स्वातंत्र्य जुव्याच्या चित्रकाराला मिळाले नाही. चर्चच्या वर्तुळात संताप उसळला आणि पोर्तुगीज सत्तेलाही या भारतीय वेषात राजकारणाचा वास आला. फोन्सेकांनी गोवा सोडला. त्यांना आसरा मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. हा आश्रम जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या संघाचा, आणि संघ अँग्लिकन. कॅथलिक चित्रकाराला स्वपंथीयांनी नाकारावे आणि परपंथीयांनी ओसरी द्यावी, हा योग विलक्षणच. मुंबईचे इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांच्यासारखा जेज्विट मात्र त्यांच्या पाठीशी राहिला.

टीकाकारांचे सारेच म्हणणे पोकळ होते असेही नाही. भारतीय म्हणजे साडी आणि साडी म्हणजे वरच्या जातीच्या हिंदू स्त्रीचे नेसणे, असे समीकरण मांडले तर गोव्याच्या कॅथलिक स्त्रीला त्यात आपली ओळख सापडणार कोठे, हा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना गोव्यातील ख्रिस्ती कुणबी स्त्रीही साडीच नेसत आली आहे, हे विसरून चालत नाही. आणि वेषाचा हा पेच आपल्या देवादिकांनाही चुकलेला नाही. रविवर्म्याने लक्ष्मी-सरस्वतीला पाश्चात्त्य तैलरंगांत साडी नेसवून उभे केले, १८९४ मध्ये मुंबईला छापखाना काढला, आणि आज ते रूपच घराघरांत सनातन वाटते. रविवर्म्याने आपल्या देवतांना परके तंत्र दिले. फोन्सेकांनी परक्या वाटणाऱ्या कथेला आपले तंत्र दिले. पहिल्याचा जयजयकार झाला, दुसऱ्याला गाव सोडावा लागला.

पेडण्या-डिचोलीचा प्रेक्षक या चित्रांपुढे उभा राहिला तर बुजेल असे वाटत नाही. दशावतारातला कृष्ण त्याच्याच बोलीत थट्टा करतो. मयेच्या चित्रशाळांत गणपतीला दरसाल येथल्याच मातीचे अंग मिळते. मोरजाईच्या देवळात भिंतींवर कावीची लाल-पांढरी नक्षी आहे, तीही येथल्याच मातीची आणि चुन्याची. मारियेच्या साडीत त्याला खटकण्यासारखे काही नाही.

काळ हळूहळू फोन्सेकांच्या बाजूने वळला. १९५० च्या पवित्र वर्षात त्यांची चित्रे रोमच्या प्रदर्शनात मांडली गेली. १९५१ मध्ये त्यांचा आयव्ही यांच्याशी विवाह झाला. त्यानंतरच्या काही मारियांच्या चेहऱ्यात पत्नीची छाया दिसते असे जाणकार म्हणतात. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संस्कृतीतून उपासना करण्याला मोकळीक दिली. ज्यासाठी घर सोडले ते रोमनेच मान्य केल्याचे त्यांना पाहता आले, पण फार काळ नाही. १९६७ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे कुटुंबाकडून पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. पुण्यात गेलेली चित्रे गोव्यात परतली. कॅम्पिनने ओकच्या फळीवर तेलात रंग कालवले आणि ते सहाशे वर्षे टिकले. फोन्सेकांची बहुतेक चित्रे कागदावर, पाण्याच्या रंगात आहेत. गोव्याचा पावसाळा, कसर आणि वाळवी कागदाचे काय करतात हे शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेला सांगण्याची आवश्यकता नाही. म्हापशाहून पणजीला जाताना पर्वरी वाटेतच लागते.