सुदर्शन तलाव : धरण राखणाऱ्यांची परंपरा



गुजरातमधील जुनागढ येथे गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिलाखंड आहे. त्या एकाच शिळेवर तीन निरनिराळ्या काळांतील लेख कोरलेले आहेत. पहिले सम्राट अशोकाचे धर्मलेख, दुसरा महाक्षत्रप रुद्रदामन याचा इ. स. १५० च्या सुमाराचा लेख आणि तिसरा गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातील. राजांचे शिलालेख म्हटले की वंशावळी, दिग्विजय आणि दानधर्म यांची वर्णने डोळ्यांपुढे येतात. तीही येथे आहेतच. परंतु नंतरच्या दोन्ही लेखांचे मुख्य प्रयोजन एक मातीचे धरण हे आहे. ते कोणी बांधले, ते कसे फुटले आणि ते पुन्हा कसे उभे राहिले, हे सांगण्यासाठी ते लेख कोरले गेले. त्या जलाशयाचे नाव सुदर्शन.

मौर्यांचा सेतू

रुद्रदामनाचा लेख या धरणाचा पूर्वेतिहास देतो. चंद्रगुप्त मौर्याच्या वतीने या प्रांताचा कारभार पाहणारा वैश्य पुष्यगुप्त याने हा तलाव निर्माण केला. पुढे अशोकाच्या काळात यवनराज तुषास्फ याने त्याला पाणी वाहून नेणाऱ्या प्रणालींची जोड दिली. धरणाची पाळ माती आणि दगड यांची, मध्ये सांधा न राहील अशी घट्ट बांधलेली होती. तिला ‘प्रणाली’ होत्या आणि ‘परीवाह’ही होता. परीवाह म्हणजे जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढून देणारी वाट. आजचा अभियंता तिलाच सांडवा म्हणतो. मातीच्या धरणाला सांडव्यावाचून आयुष्य नाही, हे ज्ञान या भूमीत किती जुने आहे, याची साक्ष हा एक शब्द देतो.

महापूर आणि प्रजेचा हाहाकार

शक संवत ७२ मध्ये मार्गशीर्षात भयंकर वादळी पाऊस झाला. ऊर्जयत् पर्वतावरून, म्हणजेच गिरनारवरून, उतरणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी आदी नद्यांना महापूर आला. उपाय योजूनही सेतू टिकला नाही. चारशे वीस हात लांब, तितकेच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल असे खिंडार पडले. सारे पाणी निघून गेले आणि जलाशयाच्या जागी मरुभूमी दिसू लागली.

यापुढचा वृत्तांत आजही विचार करायला लावणारा आहे. रुद्रदामनाचे सल्लागार आणि कार्यकारी सचिव, ज्यांना लेख गुणसंपन्नच म्हणतो, त्यांनी एवढे मोठे खिंडार बुजवण्याच्या कामास विरोध केला. सेतू पुन्हा बांधला जाणार नाही या निराशेने प्रजेत हाहाकार उडाला. अशा वेळी सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने हे कार्य हाती घेतले आणि पूर्ण केले. नवा सेतू पूर्वीपेक्षा तिपटीने भक्कम झाला. त्याचा सारा व्यय राजाने स्वतःच्या कोशातून केला. कर, विष्टी म्हणजे वेठबिगार आणि ‘प्रणय’ या गोड नावाखाली उकळल्या जाणाऱ्या देणग्या, यांपैकी कशाचाही भार नगरवासी व ग्रामवासी जनांवर टाकला नाही, असे लेख आवर्जून सांगतो. सुविशाखासाठी लेखात एक विशेषण आले आहे, ‘अहार्य’. कोणत्याही लोभाने ज्याला वश करता येत नाही असा. धरणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे याहून योग्य वर्णन दुसरे कोणते असू शकेल?

पुढे गुप्त संवत १३६ मध्ये, म्हणजे इ. स. ४५५-५६ च्या सुमारास, भाद्रपदातील एका रात्री हे धरण पुन्हा फुटले. सुदर्शन क्षणात दुर्दर्शन झाला, असे त्या काळच्या कवीने म्हटले आहे. सौराष्ट्राचा अधिपती पर्णदत्त याचा पुत्र चक्रपालित याने दुसऱ्याच वर्षी, दोन महिन्यांच्या परिश्रमाने सेतू पुन्हा बांधून घेतला. त्यानंतर त्याने तेथे चक्रधारी विष्णूचे मंदिरही उभारले.

चंद्रगुप्त मौर्यापासून स्कंदगुप्तापर्यंत सुमारे साडेसातशे वर्षे होतात. या काळात राजवंश बदलले, राजधान्या बदलल्या. ज्यांनी हे धरण राखले त्यांत मौर्यांचा वैश्य अधिकारी आहे, यवन आहे, शक राजा आहे, पह्लव अमात्य आहे आणि गुप्तांचा सौराष्ट्रातील अधिकारीही आहे. बाहेरून आलेले समूह या भूमीशी समरस झाले म्हणजे नेमके काय झाले, याचे उत्तर या शिळेवर आहे. येथील शेतकऱ्याच्या पाण्याचे दायित्व त्यांनी आपले मानले आणि ते संस्कृत भाषेत कोरून ठेवले.

मातीचे धरण का फुटते?

या परंपरेचा केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. मातीचे धरण आपल्याच वजनाने पाणी रोखते. त्याच्या पोटात चिकण मातीचा, पाणी सहजी झिरपू न देणारा गाभा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण, पाण्याच्या बाजूस लाटांपासून रक्षण करणारे दगडी अस्तर आणि पायथ्याशी पाझर वाहून नेणारे चर असतात. त्याला दोन शत्रू आहेत. सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून वाहू लागले की भराव काही तासांत कापला जातो. दुसरा शत्रू आतला. पाझर थोडा असतोच आणि तो स्वच्छ असेपर्यंत सहसा चिंता नसते. पण पायथ्याचे पाणी गढूळ येऊ लागले की धरणाची माती आतून वाहून जात आहे असे समजावे. भरावावर वाढलेल्या झाडांची मुळे आणि प्राण्यांची बिळे या पाण्याला वाट करून देतात.

ज्या सौराष्ट्रात सुदर्शन होता, त्याच सौराष्ट्रात ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटले. पूर सांडव्याच्या क्षमतेबाहेरचा होता. पाणी मातीच्या भरावावरून वाहिले, दोन्ही बाजूंचे भराव वाहून गेले आणि मोरबी शहर व भोवतालच्या गावांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील चिखल उपसण्याचे आणि मृतांवर अंत्यसंस्कार करण्याचे कठीण काम संघाच्या स्वयंसेवकांनी केले. महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे अपूर्ण मातीचे धरण फुटून पुण्यात झालेला विध्वंस पाहिला होता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि पायथ्याची वाडी वाहून गेली. धरणाला गळती असल्याचे ग्रामस्थांनी त्यापूर्वीच सांगितले होते.

सेवेचा क्रम बदलावा

आपत्ती आली की धावून जाणे हा स्वयंसेवकाचा स्वभाव आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. परंतु तिवऱ्याचा धडा असा की, आपत्तीनंतरच्या शंभर हातांपेक्षा आपत्तीपूर्वीचे दोन जागरूक डोळे अधिक प्राण वाचवू शकतात. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ ने बंधनकारक केले आहे. गावोगावचे लहान पाझर तलाव आणि गावतळी मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतील बहुतेक मातीची आहेत. लहान तलावांची तर गणती वेगळीच.

म्हणून धरणालगतच्या प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी मृगाआधी एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्यास भरावावरून व पायथ्याने चालत जावे. माथा कोठे खचला आहे, भेग कोठे पडली आहे, सांडव्यात झुडपे वा राडारोडा अडकला आहे का, पायथ्याचे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे वहीत दिनांकासह लिहावे. दोष दिसला तर ग्रामसभेत ठराव करून तो संबंधित कार्यालयास लेखी कळवावा, पोच घ्यावी आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. स्वतः कुदळ घेऊन भराव उकरू नये. ते काम जाणकाराचे आहे. पायथ्याच्या वस्तीला रात्री-अपरात्री कोठे आणि कोणत्या वाटेने हलवायचे, हेही आधीच ठरलेले असावे.

सुदर्शन तलाव आज नाही. गुप्तांनंतर कधी तरी तो पुन्हा फुटला असेल वा गाळाने भरला असेल. त्या वेळी त्याला कोणी सुविशाख, कोणी चक्रपालित लाभला नाही. साडेसातशे वर्षे जे टिकले, ते राखणारे होते म्हणून टिकले. यंदाचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी आपापल्या गावच्या धरणाला एक तरी राखणारा मिळावा, एवढेच या शिळेचे मागणे आहे.