दातांच्या अंतरंगाचे दर्शन

(मंडळाच्या यवतमाळ येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ह्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, हुंडा इत्यादी विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होत आली आहेत. आम्ही पडलो दंतवैद्य. आमचे सारे आयुष्य लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेले. तेव्हा आपल्या अनुभवाचेच बोलावे ह्या न्यायाने दातांच्या क्ष-किरण चित्रणाविषयी, आणि विशेषतः हल्लीच्या डिजिटल चित्रणाविषयी, चार गोष्टी सांगावयाच्या ठरविल्या आहेत.

आरंभी एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात घाटंजीकडील एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. ‘कापूस घरात आल्यावर पाहू’ असे म्हणत त्यांनी दिवाळीपर्यंत दुखणे सोसले होते. खालच्या एका दाढेस स्पष्ट खड्डा दिसत होता. आम्ही तो भरून दिला. चित्र घेतले नाही. त्या काळी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुऊन वाळवावी लागे, आणि गृहस्थांस एस.टी. गाठावयाची होती. महिन्याने ते गाल सुजलेल्या स्थितीत परत आले. शेजारच्या दाढेची कीड दोन दातांच्या फटीतून आत शिरून मुळापर्यंत पोहोचली होती. वरून पाहता ती दाढ निर्दोष होती. ती काढावी लागली. ‘डॉक्टरसाहेब, दुखणे एकीचे आणि औषध दुसरीला?’ हे त्यांचे शब्द आम्ही आजतागायत विसरलो नाही.

जुन्या कवेलूच्या घरातील आढ्याला वाळवी लागली की लाकूड बाहेरून धडधाकट दिसते, आणि आतून भुसा झालेला असतो. दाताचेही तसेच आहे. दोन दातांमधील कीड, मुळाच्या टोकाशी साचलेला पू, झिजलेले हाड, जबड्यात आडवी अडकलेली अक्कलदाढ ह्या गोष्टी आरशाने दिसत नाहीत. त्यांस क्ष-किरणच हवेत.

हे किरण जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेन ह्यांस १८९५ च्या नोव्हेंबरात गवसले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ऑटो वाल्कहॉफ ह्यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी ते २५ मिनिटे किरणांपुढे निश्चल राहिले! आज हेच काम सेकंदाच्या अल्पशा भागात होते. १९८७ साली फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुयाँ ह्यांनी फिल्मऐवजी विद्युत् संवेदक तोंडात ठेवण्याची युक्ती प्रचारात आणली. तिच्या नावावरूनच आपण ‘आर.व्ही.जी. काढली’ असे म्हणतो.

ह्या यंत्राची रचना थोडक्यात अशी. दाताच्या आतील बाजूस एक चपटी तबकडी ठेवतात. दातातून पार झालेले किरण तिच्यावर पडले की त्यांचा प्रकाश होतो, प्रकाशाचे विद्युत्-संकेत होतात, आणि क्षणार्धात संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटते. किरण कठीण भागातून कमी जातात म्हणून तो भाग पांढरा दिसतो. कीड लागलेला भाग काळसर दिसतो. चित्र मोठे करता येते, उजळ करता येते, वर्षानुवर्षे जपून ठेवता येते. मुळाच्या नळीचे उपचार करताना तिची लांबी मोजता येते. दोन्ही जबड्यांचे एकत्र चित्र हवे असल्यास बाहेरून फिरणाऱ्या यंत्राने ‘ओ.पी.जी.’ काढतात. पूर्वी अवघड रोग्यास नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात धाडावे लागे; आज पांढरकवड्याचे किंवा उमरखेडचे चित्र तेथील तज्ज्ञांस मोबाइलवर त्याच दिवशी दाखविता येते.

‘पण हे किरण बाधत नाहीत काय?’ असा प्रश्न आमच्या माताभगिनी नेहमी विचारतात, आणि तो योग्यच आहे. जमीन व आकाश ह्यांपासून आपणा सर्वांस नित्य काही किरण मिळतच असतात; एका लहान डिजिटल चित्राची मात्रा साधारणपणे अशा एका दिवसाच्या मात्रेएवढी किंवा त्याहून कमी असते. तथापि अल्प म्हणून उधळपट्टी करू नये. चित्र चटकन निघते म्हणून पुनःपुन्हा काढणे हा ह्या सोयीचा दुरुपयोग होय. चित्र कशासाठी, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. गरोदर भगिनींनी तसे आधीच सांगावे. आणि जुने चित्र मागून घेऊन जपावे.

ह्या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अगदी कोवळी कीड चित्रात दिसत नाही. झरी जामणी, पांढरकवडा ह्या बाजूस काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड अधिक असल्याने मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. ती कीड नव्हे. तेथे चित्रापेक्षा पाण्याची तपासणी महत्त्वाची, कारण लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपलीकडे फ्लोराइड असता कामा नये. आणि सर्वांत गंभीर गोष्ट खऱ्र्याची. खऱ्र्याने तोंडाची आतील त्वचा पांढुरकी व ताठ होते, तोंड उघडेनासे होते, पुढे कर्करोगही उद्भवतो. हा विकार हाडात पोहोचेपर्यंत कोणत्याही क्ष-किरणाने दिसत नाही. आणि हाडात दिसू लागला तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो उघड्या डोळ्यांनीच ओळखावा लागतो. आपल्या तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर त्याने त्वरित दंतवैद्य गाठावा.

म्हणून मंडळास आमची नम्र विनंती आहे. आपल्या लग्नकार्यांतून पाहुण्यांपुढे खऱ्र्याची पुडी ठेवण्याची चाल बंद व्हावी, आणि पुढील संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाबरोबर सर्व मुलांची दंततपासणीही व्हावी. ह्या कामी आमची सेवा विनामूल्य उपलब्ध राहील. त्या वृद्ध शेतकऱ्यांची दाढ आम्ही परत देऊ शकत नाही. त्यांच्या नातवंडांच्या दाढा मात्र वाचविता येतील.