लोखंड कापणारा झोत



आम्ही दोघे भाऊ अकोटचे. घरची थोडी शेती आहे. घरामागे टिनाच्या शेडात वेल्डिंगचे काम आहे. डवरा मोडला, वखराची पास झिजली, फाटकाचा कोयंडा तुटला, की लोक आमच्याकडे येतात. काही दिवसांपूर्वी आम्ही एक स्वस्तातले प्लाझ्मा कटर घेतले. ते शिकताना आम्ही कुठे चुकलो, तेवढे आज सांगतो.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. बर्फ, पाणी आणि वाफ ही तीन रूपे आपल्या ओळखीची आहेत. वायू अतिशय तापला, की त्यातून वीज वाहू लागते. हे चौथे रूप. लँगम्यूर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1928 साली त्याला प्लाझ्मा हे नाव दिले. आभाळात वीज चमकते, तेव्हा तिच्या वाटेतली हवा प्लाझ्माच होते. आमच्या यंत्रात कॉम्प्रेसरची हवा बारीक भोकातून सुटते. तिच्यातून वीज जाते. दहा हजार अंशांहून अधिक तापलेला झोत निघतो. तो लोखंड वितळवतो आणि वितळलेले लोखंड खाली उडवून देतो. गॅसचे कटर लोखंड जाळून कापते. म्हणून स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम त्याने नीट कापत नाही. प्लाझ्माला मात्र वीज वाहणारा कोणताही धातू चालतो.

आता आमच्या चुका ऐका.

पहिली चूक विजेची. आमचे यंत्र 40 ॲम्पियरचे. पुऱ्या जोराने चालताना ते 25 ते 30 ॲम्पियर वीज ओढते. घरातला मोठा प्लग 16 ॲम्पियरचा. आम्ही त्यातच पिन खुपसली. प्लग वितळला. मग वायरमन बोलावला, वेगळी जाड तार ओढली, अर्थिंग करून घेतली.

दुसरी चूक हवेची. पावसाळ्यात हवेत दमटपणा फार. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते पाणी झोतात आले, की तांब्याचे तोंड जळते. आम्ही एका आठवड्यात चार तोंडे जाळली. आता रोज संध्याकाळी टाकीचे पाणी सोडतो. नळीवर पाणी अडवणारी गाळणीही बसवली आहे.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. पौष महिना होता. ओसरीत वेचणीचा कापूस पडला होता. शेडापासून ओसरी सात-आठ पावलांवर. आम्हाला वाटले, एवढ्या दूर ठिणगी कशाला जाते? पण ती गेली. कापसाच्या कडेला अंथरलेली सतरंजी पेटली. आमच्यातला धाकटा बादली घेऊन धावला. यंत्र चालूच होते, तार त्याच वाटेत पडलेली. तेवढ्यात वहिनी ओरडल्या, "भाऊजी, पानी नोका टाकू! आंधी बटन बंद करा!"

बटन बंद केले. मग पाणी टाकले. वर्षाची कमाई वाचली, आणि धाकट्याचा जीवही. पण काम संपले नव्हते. कापसाची आग आत धुमसत राहते. सगळा ढीग उपसून बाहेर पसरला आणि रात्रभर जागलो. बाबा म्हणाले, "मशीन सस्तं घेतलं, अन् आता घर जाळता काय रे?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती. ती आम्ही उघडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलीने ती वाचून अर्थ सांगितला. वहिनी रात्रीच्या वर्गात चाळिशीत अक्षरे शिकल्या. त्यांनी शेडाच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले:

कापूस, पऱ्हाटी, कडबा लांब ठेवा. पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा.
आग लागली तर आधी बटन बंद.
डोळ्यांना 6 ते 8 नंबरची काळी काच. पायात बूट. अंगात सुती कपडे.
तेलाचा किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा पिंप कापू नका. तो फुटतो.
जस्ताच्या पत्र्याचा धूर नाकात घेऊ नका. त्याने ताप भरतो.

आता हाताची गोष्ट. पकड लावायची जागा घासून गंज काढा. हवेच्या घड्याळाचा काटा 5 बारच्या आसपास ठेवा. पत्र्याच्या कडेपासून सुरुवात करा. ठिणग्या खालून पडल्या पाहिजेत. वर उडाल्या तर हात घाईत आहे. चीर रुंद झाली आणि खाली जाड मळ चिकटला, तर हात मंद आहे. पुस्तिकेत 12 मिलिमीटर लिहिले असले, तरी शिकणाऱ्याने 3 मिलिमीटरच्या भंगार पत्र्यावर हात बसवावा. वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा यंत्राला जास्त विसावा द्यावा.

भिंतीवरची अक्षरे पुसट झाली, की वहिनी ती पुन्हा गिरवतात. काम सुरू करण्याआधी आम्ही दोघे ती मोठ्याने वाचतो. ज्यांना हे काम शिकायचे असेल त्यांनी आमच्या शेडात जरूर यावे. पण बूट घालून यावे, आणि आधी भिंत वाचावी.