कृपासदन



'कृपा' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो! अर्जात 'कृपया' लिहितो. कोणी खुशाली विचारली की 'आपली कृपा' असे म्हणतो. फार हाताळलेल्या नाण्याप्रमाणे हा शब्द झिजला आहे. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र त्याला एक नेमका अर्थ आहे. पात्रता न पाहता, मागचा हिशेब न ठेवता, ईश्वराने माणसाला दिलेले दान म्हणजे कृपा. ते पुण्याच्या मोबदल्यात मिळत नाही, ही गोष्ट संत पौलाने आपल्या पत्रांतून पुनःपुन्हा सांगितली आहे.

यावर एक शंका घेतली जाते, व ती रास्त आहे. सर्व काही दानच असेल, तर माणसाने सत्कर्म कशासाठी करावे? कृपेने माणूस आळशी होणार नाही काय? या शंकेचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा एका जीवनाच्या आधाराने द्यावे, असे मला वाटते. ते जीवन पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीला न जुमानता पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा, पुराणकथन, व्रते आणि दानधर्म यांत या कुटुंबाची वर्षे गेली. पुण्यसंचयात त्यांनी कसूर केली नव्हती. तरीही १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू पावली. उरलेली दोन भावंडे उपाशीपोटी, अनवाणी देशभर भटकत राहिली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनमधील फुलम येथे त्यांनी एक आश्रयगृह पाहिले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी जवळ करीत होत्या. या स्त्रियांविषयी इतकी कणव कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला: विहिरीवर पाणी भरावयास आलेली शोमरोनी स्त्री आणि तिचा पूर्वेतिहास जाणूनही तिच्याशी बोलणारा येशू. त्याच वर्षी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपली असे आपल्याला वाटेल. रमाबाईंचे स्वतःचे सांगणे मात्र निराळे आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. तेथे विधवांचे शिक्षण सुरू झाले. बाहेरून पाहता जीवन सफल होते. मन मात्र अस्वस्थच होते. १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नाही. जुन्या पुण्यसंचयाच्या जागी नवा पुण्यसंचय आला होता, इतकेच! आपल्या हाती काही नाही, जे आहे ते दिलेले आहे, हे त्यांनी त्यानंतर मान्य केले.

मग त्या स्वस्थ बसल्या काय? १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवावयाचे नव्हते. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर 'मुक्ती' उभी राहिली. विसावे शतक उगवले तेव्हा तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. याच आवारात टाकलेल्या स्त्रियांसाठी एक निराळे घर बांधले गेले. त्याचे नाव 'कृपासदन'. फुलमला जे पाहिले, ते अनेक वर्षांनी केडगावच्या मातीत उभे राहिले.

रमाबाईंच्या धर्मांतराने समाज दुखावला होता, हेही सांगितले पाहिजे. १८९३ मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी बाहेर पडली. त्या वादाचा निवाडा करणे हा आजचा विषय नव्हे. आपण त्यांच्या दिनक्रमाकडे पाहू. वरवर पाहता त्यात फारसे बदलले नव्हते. अंगावर तेच पांढरे लुगडे, ताटात तोच शाकाहार. दिवस जाई तो दळण, विणकाम, शेती, गोठा, तेलाचा घाणा आणि छापखाना यांत. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकवावयाचे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावयाची. शिवाय त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. सामान्य बाईलाही कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरविले. त्याचे खिळे मुक्तीतील मुलींनी जुळविले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा त्या कामाचा शेवट त्यांनी गाठला होता.

आपल्या शंकेचे उत्तर येथे मिळते, असे मला वाटते. जो पुण्य मिळविण्यासाठी काम करतो, त्याला सतत हिशेब पाहावा लागतो: किती दिले, किती उरले, समोरचा पात्र आहे की नाही. ज्याला स्वतःलाच अपात्र असताना मिळाले आहे, तो दुसऱ्याची पात्रता कोणत्या तोंडाने तपासणार? कृपेने काम कमी होत नाही. त्या कामामागची धास्ती जाते.

आपणांपैकी बहुतेकांना दोन हजार माणसांचे घर चालवावयाचे नाही. पण घरात, कचेरीत, शेजारात एखादा माणूस असतो, ज्याच्या नावावर आपण जुनी बाकी लिहून ठेवलेली असते. उद्या सकाळी तो दारात आला, तर त्याला आत या म्हणताना ती वही उघडावयाची की नाही, इतकाच प्रश्न आपल्यापुढे आहे.