कोणाच्या हातचा चहा?



आज आपण चहाविषयी बोलू. महाडच्या एस.टी. स्टँडवर उतरा, नाहीतर पोलादपूरला आंबेनळी घाट चढायच्या आधी गाडी थांबवा, पहिली हाक चहाची येते. पण चहा कसा करावा हे आम्ही सांगणार नाही. ते तुम्हाला आमच्याहून चांगले ठाऊक आहे. चहा कोणाच्या हातचा घ्यावा, आणि कोणाच्या हाताला ते काम द्यावे, एवढेच आज सांगायचे आहे.

ही गोष्ट महाडात सांगायला कारण आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह याच गावच्या चवदार तळ्यावर गेले आणि तळ्याचे पाणी प्याले. तळे सार्वजनिक होते. तरी अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या माणसाला तिथे मनाई होती. त्या काळी कितीतरी चहाच्या दुकानांत अशा माणसाचा कपसुद्धा वेगळा ठेवलेला असे. पुढे संविधानाने अस्पृश्यता बंद केली. माणूस माणसाच्या हातचे घेतो की नाही, यावर त्याची किंमत ठरत असते, हा धडा या गावाने साऱ्या देशाला दिला आहे.

आता दुसरी एक माणसे पाहा. आपल्या प्रत्येक वाडीत असे एखादे माणूस असतेच. कोणाला दिसत नाही. कोणाला ऐकू येत नाही, म्हणून बोलता येत नाही. कोणाचा पाय अधू. कोणी अंगाने वाढला, पण समज लहान मुलाची राहिली. कोणी आपल्याच नादात असतो, नजरेला नजर देत नाही. त्याला स्वमग्न म्हणतात. सरकारी कागदात या सर्वांना दिव्यांग म्हणतात. 2016 सालच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार सांगितले आहेत.

ही माणसे थोडीथोडकी नाहीत. 2011 सालच्या जनगणनेत आपल्या देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले. एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक. देशातल्या अशा शंभर माणसांपैकी 36 जण काही ना काही काम करत होते. राहिलेल्यांत लहान मुले आणि म्हातारे आले, हे खरे. पण धडधाकट वयाचे कितीतरी स्त्री-पुरुष नुसते घरात बसून होते.

त्यांचे आईबाप आमच्याकडे येत. शाळेत होतो तेव्हाही येत, आताही येतात. बाकीचे सगळे बोलून झाले की शेवटी एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, आमच्या माघारी ह्याचं काय?" भाकरी भाऊ-भावजय देतील. पण दुसऱ्याच्या ताटातली भाकरी घशाखाली उतरत नाही, हे त्या मुलालाही कळते. समज कमी असली तरी मान-अपमान कळतो. घरी पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत नेऊन बसवतात. तो गप्प बसतो, म्हणून त्याला काही वाटत नाही असे समजू नका.

या प्रश्नाला काही ठिकाणी लोकांनी चहा-कॉफीच्या दुकानातून उत्तर शोधले आहे. मुंबईत जुहूला 2018 साली 'कॅफे अर्पण' नावाचे दुकान निघाले. यश चॅरिटेबल ट्रस्ट या संस्थेने ते काढले. संस्थेच्या संस्थापक सुषमा नगरकर. समज कमी असलेली आणि स्वमग्न असलेली मोठी माणसे तिथे कामाला घेतली. संस्थेने आधी जेवणाचे डबे पुरवण्याचे काम केले होते. त्यात हात बसला, मग दुकान उघडले. तिथली माणसे पदार्थ तयार करतात, गिऱ्हाइकाला विचारतात, टेबलावर आणून देतात.

त्याआधी 2015 साली मुंबईतच पवईला 'मिरची अँड माईम' हे उपाहारगृह सुरू झाले होते. तिथे वाढपी म्हणून ऐकू न येणारे तरुण घेतले होते. पदार्थांच्या यादीत प्रत्येक पदार्थाची हाताची खूण चित्राने दाखवलेली असे. गिऱ्हाइकाने खूण करायची, वाढप्याने ओळखायची. म्हणजे तिथे शिकायचे कोणी? बोलणाऱ्याने!

शेजारच्या कर्नाटकात हुबळीला 2017 साली अलिना आलम या तरुणीने 'मिट्टी कॅफे' सुरू केले. पुढे त्याच्या शाखा निघाल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात त्यांची एक शाखा उघडली. ती त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते उघडली. परदेशातही अशी दुकाने आहेत. मलेशियात क्वालालंपूरला स्टारबक्स या मोठ्या कंपनीने 2016 साली ऐकू न येणाऱ्या कामगारांचे कॉफीचे दुकान काढले.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ही शहरातली गंमत झाली. ज्याला शर्टाची गुंडी लावायला अर्धा तास लागतो, तो चहा काय करणार?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर शिकवण्याच्या रीतीत आहे.

आपण म्हणतो, चहा करणे हे एक काम. ते एक काम नाही, बारा कामे आहेत. हात धुवायचे. पातेले घ्यायचे. कपाने पाणी मोजून ओतायचे. गॅस पेटवायचा. चमच्याने साखर घालायची. चहाची पूड घालायची. उकळी येऊ द्यायची. दूध घालायचे. पुन्हा उकळायचे. गॅस बंद करायचा. गाळायचे. कप उचलून द्यायचा. आपल्या हाताला सवय झाली, म्हणून ही बारा कामे आपल्याला दिसत नाहीत. शिकवणारा ती सुटी करतो. एका वेळी एकच शिकवतो. ते पक्के झाले की दुसरे. भिंतीवर बारा चित्रे ओळीने लावतो. साखरेच्या डब्याला लाल पट्टी, चहाच्या डब्याला निळी. डबा रोज त्याच जागी. चमचा ठरलेला, कप ठरलेला.

कधी उलटी रीतही वापरतात. शेवटची पायरी आधी शिकवायची. अकरा कामे शिकवणाऱ्याने करायची आणि कप उचलून देण्याचे बारावे काम त्या मुलाने. म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्या हातून चहा दिला जातो आणि पिणारा त्याच्याकडे पाहून मान डोलावतो. मग तो अकरावे काम शिकायला आपण होऊन पुढे येतो. आम्ही उभा जन्म शाळेत काढला. यापेक्षा शहाणी रीत आमच्या पाहण्यात नाही.

प्रत्येकाचे काम प्रत्येकाच्या बेताने ठरवावे लागते. ज्याला ऐकू येत नाही, त्याला घंटेऐवजी दिवा लावून बोलवायचे. ज्याला दिसत नाही, त्याची कप-बशी कधी हलवायची नाही. मग त्याचा हात बरोबर तिथेच जातो. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेने 2020 साली 'मनी' नावाचे मोबाईलवरचे साधन काढले. नोट समोर धरली की ते किती रुपयांची ते बोलून सांगते. ज्याचा पाय अधू, त्याला गल्ल्यावर बसवावे. जो गर्दीत गोंधळतो, त्याला आतले काम द्यावे. आणि मधे विसावा हवाच.

यात अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. एखाद्याला वर्षभर शिकवून हे काम जमत नाही. त्याच्यासाठी दुसरे काम शोधावे लागते. चहाच्या धंद्यात नफा बेताचाच. घाईच्या गिऱ्हाइकाला दम नसतो. म्हणून मिट्टी कॅफेची कितीतरी दुकाने कचेरीत, कॉलेजात, दवाखान्यात, म्हणजे दुसऱ्याच्या आवारात असतात. तिथे जागेच्या भाड्याचा भार हलका होतो आणि रोज येणारी ओळखीची माणसे गिऱ्हाईक असतात. ओळखीचे माणूस दोन मिनिटे थांबते.

ही गोष्ट आपल्याकडे होण्यासारखी नाही का? महाडला औद्योगिक वसाहत आहे, तिथे कारखाने आहेत. महाडला आणि पोलादपूरला तहसील कचेरी आहे. दवाखाने आहेत, कॉलेज आहे. एखाद्या आवाराच्या कोपऱ्यात एक टेबल, एक शेगडी, दोन दिव्यांग मुले आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी एक जाणती बाई, एवढ्यावर सुरुवात होते. बचत गटाच्या भगिनींनी मनावर घेतले तर अवघड नाही. निराळे दुकान नको असेल, तर चालत्या हॉटेलवाल्याने एकाला घ्यावे. कपबश्या विसळण्यापासून शिकवावे. पण एक अट आहे. त्याला पगार द्यावा. उरलासुरला वडा हा पगार नव्हे. आणि गिऱ्हाइकाने चहाची पूर्ण किंमत द्यावी, चहा बिघडला तर तसे सांगावे. दया म्हणून बेचव चहा पिणे हाही त्या मुलाचा अपमानच. धंदा टिकायचा तर चहा चांगलाच हवा.

घरच्यांनी आधी एक काम करावे. दिव्यांगत्वाचा दाखला काढावा. आपल्या जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय अलिबागला आहे. पल्ला लांब पडतो, पण तपासणीचा दिवस विचारून जावे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरले की बऱ्याच सवलती मिळतात. एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते, म्हणजे कामावर जाणे-येणे परवडते. सरकारी नोकऱ्यांत शंभरात 4 जागा दिव्यांगांसाठी राखलेल्या आहेत. समज कमी असलेल्या किंवा स्वमग्न मुलाला आईबापांच्या माघारी कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय 1999 सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती असते. तिच्याकडे अर्ज करावा. "आमच्या माघारी काय" या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कागदात आहे. राहिलेले अर्धे उत्तर म्हणजे त्याच्या हातातले काम.

आता शेवटी तुमच्याविषयी. तुमच्यापैकी कोणी चाळिशीत पाटी हाती घेतली, कोणी साठीत. वर्गाला यायला लागलात तेव्हा लोक काय म्हणाले? "आता या वयात काय शिकणार?" हेच म्हणाले ना? तरी तुम्ही शिकलात. आधी रेघ, मग अक्षर, मग शब्द. आज हे पुस्तक तुम्ही स्वतः वाचत आहात. 'याला काय येणार' हे शब्द किती लागतात, ते तुमच्याइतके कोणाला कळणार? म्हणून हे शब्द आपल्या तोंडून त्या मुलाला कधी ऐकवू नका.

तुमच्या वाडीत असे कोणी असेल, तर उद्या त्याच्या घरी जा. त्याला मागच्या खोलीतून बाहेर बोलवा, चार माणसांत बसवा. आणि तो कपाने पाणी मोजायला शिकू लागला, की त्याच्या हातचा पहिला चहा तुम्ही प्या. सांडला तर पुसा, आणि दुसरा मागा.