प्रश्न आपल्याच माणसाचा पाहिजे

६ डिसेंबरला याच शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथंच मी 'आम्हीही इतिहास घडवला' घेतलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून, १९८९. दोघी चळवळीतल्या, आणि चळवळीतल्या बायांकडे जाऊन त्यांचंच बोलणं लिहून आणलं. म्हटलं, मग गोदीचं आपण का नाही लिहायचं? मॅट्रिक झालोय, गोणी उचलतो.

लिहिलं. टोळीत वाचून दाखवलं. वाटलं, पाठ थोपटतील. एक म्हणाला, '५० किलोच्या २०० गोणी दिवसाला? मोजल्यास?' दुसरा, 'कंबर मोडली म्हणतोस. कुणाची? तुझी का सगळ्यांची?' म्हातारा तर बिडी विझवून म्हणाला, 'सांडलेलं झाडणाऱ्या बाया कुठं गेल्या रे?'

टाळकंच सटकलं. साला, आपलीच माणसं उलटतपासणी घेतात! मी राबतो म्हणून मला सगळं कळतं, हा माझा माज होता. साहेब विचारतो ते आपल्याला खोटं पाडायला. हे विचारून थांबले नाहीत, दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं मोजायला उभे राहिले. तीन दिवस मोजलं. भरल्या १४०. आकडा उतरला, पण आता कुणाचा बाप तो खोडून दाखवू दे.

कंबरेचं एकेकाला विचारतोय. बायांचं अडलंय. त्या म्हणतात, 'आमचं लिहून तू काय करणार?' ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. तुम्हाला सुचत असेल तर आत्ताच बोला, मी इथंच बसतो.